साफ पाण्याला प्रमाणपत्र नाही

४ फेब्रुवारी

साहेब,

'प्रिय बाळ' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुझ्या सहीचं परिपत्रक काल कारखान्याच्या दाराला डकवून गेले, आणि एवढ्या लफ्फेदार सहीच्या माणसाला बाळ म्हणायला जीभ रेटेना. शाळेत असताना तुझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच ठोकून द्यायचे. ती याहून बरी होती.

तू घरी येत नाहीस, माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस, ते सगळं बाजूला ठेवू. हे पत्र बहिणीचं नाही. कापड रंगवून पोट भरणाऱ्या एका बाईचं पर्यावरण खात्यातल्या अधिकाऱ्याला आहे.

तुझी 'स्वच्छ पाणी योजना' मी नीट वाचली. प्रत्येक रंगकारखान्याच्या सांडपाण्याचा आता एक नमुना घेणार, महिन्याने दुसरा. दुसऱ्यात घाण निम्मी झालेली दिसली की अनुदान, शिवाय हिरवं प्रमाणपत्र. आणि इथून पुढे सरकारी कापडाचं काम फक्त प्रमाणपत्रवाल्यांना. वाचून मी खूश झाले, खोटं का सांगू. म्हटलं, आपल्या घरातल्या पोराने शेवटी एक शहाणं काम केलं.

मग सकाळी दार उघडलं तर समोरचा भोंगा उरल्यासुरल्या रंगाची पिंपं गटारात रिकामी करत होता. त्याला भोंगा का म्हणतात ते तुला माहीत आहे. त्याने कानात सांगितलेलं गुपितही चौकापर्यंत जातं. मी विचारलं, "अहो, हे काय चाललंय?"

"योजना, ताई, योजना!" तो ओरडला. "पहिला नमुना जेवढा काळा, तेवढं पुढे निम्मं करणं सोपं. सरकारनेच डोकं दिलंय!"

बाळ, आपल्या गल्लीतलं गटार आजवर इतकं काळं कधी वाहिलं नव्हतं. बाबांच्या काळातसुद्धा नाही. सगळे जण जोमाने घाण करताहेत, कारण घाण केल्याशिवाय सुधारता येत नाही.

आणि माझं काय? माझं पाणी आधीच साफ आहे. ज्या हौदांवरून तू रुसलास, त्या हौदांनी साफ केलंय. तुझी मागची खोली पाडून मी ते बांधले, तुला विचारलं नाही, आणि तेव्हापासून तू उंबरठा ओलांडला नाहीस. मी बरोबरच केलं. ओढ्याच्या खालच्या अंगाला बायका धुणं धुतात, त्यांच्या पोरांच्या अंगावर आपल्या रंगाचे चट्टे उठायचे. त्यापेक्षा तुझ्या जुन्या टेबलाची सोय बघायला हवी होती का? आता तुरटीने गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी परत वापरात येतं. कापडाचं शेवटचं धुणं झालं की तेच पाणी पुढच्या कापडाच्या पहिल्या धुण्याला. जे थोडं बाहेर जातं त्याने भोंग्याची बायको कुंड्या भिजवते.

एवढ्या साफ पाण्यातली घाण निम्मी कशी करायची ते तुझ्या परिपत्रकात लिहिलेलं नाही. म्हणजे मला प्रमाणपत्र नाही. म्हणजे दवाखान्याच्या हिरव्या चादरी गेल्या. ऑपरेशनच्या खोलीतल्या त्या चादरींवरच आपला बॉयलर पेटतो. बाकीचं काम चहापाण्यापुरतं. चादरी गेल्या की कारखाना गेला, आणि माझ्याबरोबर उभ्या राहणाऱ्या बायकांची कामं गेली.

खुलासा करावा, ही विनंती. अधिकाऱ्यांना असंच लिहितात ना?

ताई


२१ फेब्रुवारी

बाळ,

"अर्जदारास कळविण्यात येते की" अशी सुरुवात करून सख्ख्या बहिणीला पत्र लिहिणारा तू जगातला पहिलाच असशील. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "किती शुद्ध लिहितो!" तिचं तुझ्याबाबतीत असंच असतं.

पण खालच्या परिच्छेदात तू थोडा माणसात आलास, म्हणून नीट उत्तर देते.

तू म्हणतोस, सरकारजवळचा पैसा जिथे घाण जास्त तिथे गेला पाहिजे. मला आणखी साफ करायला लावून ओढ्याला काही फायदा नाही, भोंग्याला अर्ध्यावर आणलं तर ओढा निळ्याचा पांढरा होईल. तुझा मुद्दा खरा आहे. मी भांडखोर आहे, पण आंधळी नाही. भोंग्याला मदत दे. त्याला हौद बांधायला पैसा दे, तुरटी दे, हवं तर गवंडी पाठव. माझी एका शब्दाने तक्रार नाही. मला अनुदान नकोच आहे.

पण मदत आणि मान या दोन गोष्टी तू एकाच ताटात का वाढल्यास? आजारी माणसाला औषध द्यावं, कोण नाही म्हणतं? पण म्हणून नोकरी फक्त आजारातून उठलेल्यालाच, कधी आजारी न पडलेल्याला नाही, असा नियम कोण करतं? कापडाचं काम ज्याचं पाणी साफ त्याला मिळावं. तो काल साफ झाला की फार पूर्वी, याच्याशी दवाखान्याला काय करायचंय? एक रेघ मार. रेघेच्या आत पाणी असेल तो आत, बाहेर असेल तो बाहेर. हे सांगायला मला तुझ्यासारखी पदवी लागली नाही. आहे माझ्याकडे, पण लागली नाही.

तू म्हणतोस, वरपर्यंत मंजूर झालेली योजना आता बदलता येत नाही. न बदलता येणारा फक्त पक्का रंग असतो, आणि तोही मी उतरवून दाखवते.

आणि हो, दर रविवारी तू आईला फोन करतोस ते मला ठाऊक आहे. ती गच्चीवर जाऊन हळू आवाजात बोलते. एखाद्या रविवारी "ताई कशी आहे" असं विचारलंस तर फोन खराब होणार नाही.

नमुना घेणारे पुढच्या आठवड्यात येताहेत. आमचं पाणी जसं आहे तसंच देणार.

ताई


३० मार्च

बाळ,

काल प्रमाणपत्र आलं.

हिरवी चौकट, सोनेरी शिक्का, खाली तुझी लफ्फेदार सही. "सांडपाण्यातील प्रदूषणात उल्लेखनीय घट केल्याबद्दल." सोबत अनुदान मंजूर झाल्याचं कळवलंय. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवली नाही. कारण पहिल्या नमुन्याचा अहवालही सोबत होता, आणि त्यात आमचं पाणी गल्लीत सगळ्यांत घाण निघालं होतं. भोंग्याहून घाण! आणि रंग कुठला, तर जांभळा.

आम्ही जांभळा रंगवतच नाही. दवाखान्याच्या कामात असतो तेव्हा हिरव्याशिवाय दुसऱ्या रंगाचं पिंप मी उघडूसुद्धा देत नाही. बाबांच्या वेळचा जांभळा रंग माळ्यावर पडून आहे, आणि तो तिथे आहे हे घरात दोघींनाच माहीत.

मग मला आठवलं. नमुनेवाले आले त्या सुमाराला आई हात पदरात गुंडाळून फिरत होती. मी विचारलं तर म्हणाली, थंडी वाजते. जेवताना चमचा मागितला. जन्मात कधी न मागणाऱ्या बाईने चमचा मागितला आणि मला कळलं नाही.

काल तिच्यासमोर अहवाल ठेवला. तिने चष्मा लावला, काढला, परत लावला.

"थोडाच घातला होता मी," ती म्हणाली.

"आई, हौदाच्या तोंडाशी डबाभर ओतलास तू!"

"मला काय ठाऊक तुमचं माप. तुझ्या बाबांच्या काळी डबाभर म्हणजे काहीच नसायचं." मग म्हणाली, "बाळानेच फोनवर सांगितलं होतं. म्हणाला, नमुन्याच्या दिवशी पाणी जरा रंगीत असतं तर ताईचं काम झालं असतं. मी म्हटलं, एवढंच ना? एका डब्यात बहीण-भावाचं भांडण मिटत असेल तर कुठे बिघडलं?"

तू बोलून गेलास, हे मी मानते. फोनवर माणूस उसासा टाकतो तसं म्हणाला असशील. पण तू कोणाशी बोलत होतास ते तरी बघ! रंगाऱ्याच्या बायकोला "जरा रंगीत" म्हणून सांगितलंस. ती रंगीत करणारच.

मी रागावले. मग हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले, तेही सांगून टाकते. तिला एवढंच हवंय की तू या घरात जेवायला यावंस, आणि त्यासाठी तिने तो ओढा घाण केला, जो साफ करण्यासाठी मी तुझ्याशी वैर घेतलं.

प्रमाणपत्र आणि अनुदानाचा कागद दोन्ही या पाकिटात परत पाठवत आहे. कारण लिहून दे म्हणशील, तर कारण असं: हे खोटं आहे.

ताई


१३ एप्रिल

बाळ,

तुझं पत्र मिळालं. या वेळी "अर्जदारास" नव्हतं, "ताई" होतं. बरं वाटलं, पण पुढचं वाचेपर्यंतच.

गप्प बस, म्हणतोस. प्रमाणपत्र परत आल्याची नोंद केलेली नाही, ते पुन्हा दारात येईल, ते भिंतीवर लाव आणि चादरी रंगव. एक नमुना खोटा निघाला की सगळ्या गल्लीचे नमुने संशयात येतील, योजना बुडेल, आणि योजना बुडली की पुढची काही वर्षं कोणी या ओढ्याचं नावही काढणार नाही. शिवाय आईचं नाव चव्हाट्यावर येईल. तुझं येईल हे तू लिहिलं नाहीस. ते मीच वाचलं.

मी गप्प बसले नाही, हे तू पाहिलंसच. पण तू मंचावर होतास, आणि खालून काय दिसतं ते वरून दिसत नाही, म्हणून लिहिते.

योजनेवरच्या तक्रारी ऐकायला तुझ्या खात्याने ठेवलेल्या जनसुनावणीला आम्ही दोघी गेलो ते मी बोलायचं ठरवून. आईला मी सांगितलं होतं, तू फक्त बस. माझी पाळी आली, मी उठले, "आमचा पहिला नमुना खरा नव्हता" एवढं म्हणाले, आणि तुझ्या शेजारच्या बड्या साहेबांनी विचारलं, "मग त्यात भेसळ कोणी केली?" मी तोंड उघडायच्या आत शेजारी खुर्ची करकरली.

"मी केली," आई म्हणाली. "डबाभर जांभळा. माझी लेक साफ काम करते म्हणून तिला तुमचा कागद मिळत नव्हता. घाण केल्यावर लगेच मिळाला. आता तुम्हीच सांगा, चुकलं कोणाचं?"

सभागृह खो-खो हसलं. भोंगा तर खुर्चीवरून पडायचा राहिला. बडे साहेब हसले नाहीत. "आजी, हे तुम्हाला कोणी सुचवलं?"

तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. तू पाण्याचा पेला उचलला होतास आणि तो ना वर जात होता ना खाली.

"कोण सुचवणार?" आई म्हणाली. "मला काय अक्कल नाही?"

तिने तुझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मात्र घेणार नव्हतेच, असं समजू नकोस. तोंडाशी आलं होतं. आईने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

नंतर भोंगा उठला आणि त्या आवाजात, माईकची गरज नसताना माईकवर, म्हणाला की पिंपं त्यानेही ओतली होती. मग गल्लीच्या कोपऱ्यावरचा छपाईवाला उठला. मग दोघी बहिणी सूत रंगवतात त्या. सगळ्यांनी तेच सांगितलं. कोणाला लाज वाटत नव्हती, कारण प्रत्येकाने नियमाप्रमाणेच केलं होतं. तू खाली मान घालून लिहीत होतास. काय लिहीत होतास कोण जाणे.

बडे साहेब "विचार करू" म्हणाले. माझं प्रमाणपत्र रद्द झालं, ते योग्यच. इतरांची कायम राहिली, कारण "तांत्रिक पुरावा नाही." बघ, खरं बोलायला सुरुवात केली ती मी, आणि चादरी गेल्या त्याही माझ्याच.

तरी सांगते, पुन्हा संधी आली तर पुन्हा उठेन.

ताई


२६ एप्रिल

बाळ,

उद्या तुझ्या कार्यालयात चादरींच्या कामाची निविदापेटी उघडणार. आधीच कळवते म्हणजे तुला घाम फुटायला वेळ मिळेल. पेटी रिकामी निघेल.

मी काही जादू केलेली नाही. सुनावणीनंतर भोंगा माझ्याकडे आला. अनुदान हातात, पण हौद कसे बांधायचे हे कोणालाच कळत नव्हतं. खोटी घाण उपसून झाली, आता खरी घाण समोर होती. "शिकवा, ताई," म्हणाला. पहिल्यांदा वाटलं, सरळ दार लावून घ्यावं. माझ्या चादरी हा नेणार आणि वर मीच शिकवायचं? पण ओढ्याच्या बायकांचा माझ्याशी काय वाद आहे? सगळ्यांना बोलावलं. हौदाच्या कठड्यावर बसवलं. तुरटी किती, गाळ कधी काढायचा, शेवटचं पाणी कसं वळवायचं, सगळं दाखवलं.

आणि मग तुझं परिपत्रक उघडून शेवटचं कलम मोठ्याने वाचलं, जे कोणीच वाचलं नव्हतं. प्रमाणपत्र एका वर्षाचं. पुढच्या वर्षी टिकवायचं तर घाण पुन्हा निम्मी करायची. त्याच्या पुढच्या वर्षी त्याच्याही निम्मी.

कोपऱ्यातला छपाईवाला हिशेबाचा पक्का. तो म्हणाला, "म्हणजे खरोखर साफ झालो की आपण ताईंच्या शेजारी, बाहेर."

"किंवा दरवर्षी आधी पिंपं ओतायची," भोंगा म्हणाला. तेही हळू आवाजात. भोंग्याला हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

ठरलं ते असं. रेघ मारल्याशिवाय गल्लीतून एकही निविदा जाणार नाही, आणि गल्लीबाहेर या भागात दुसरा रंगकारखानाच नाही. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे तोही भरणार नाही. सूतवाल्या बहिणींपैकी धाकटी कुरकुरली, तिच्या घरी आजारपण आहे. तिला मी म्हटलं, तू भर, तुला कोणी बोल लावणार नाही. तिने रात्रभर विचार केला आणि सकाळी भरलेलं पाकीट आणून माझ्या चुलीत घातलं.

रुग्णांना वेठीला धरतेस, असं तू म्हणणार. तेही बघितलंय. दवाखान्याच्या भांडारातल्या बाईंना भेटून आले. कपाटं भरलेली आहेत, नवा नियम करायला तुला पुरेसा अवकाश आहे. आणि मधेच कमी पडल्या तर आम्ही सगळे मिळून फुकट रंगवून देऊ. तुझ्या खात्याला अडवायचंय आम्हाला, कोणाच्या ऑपरेशनला नाही.

उद्या आम्ही बाहेर बाकावर बसू. आईसुद्धा येते म्हणतेय. पेटी उलटी करून झटकलीस की सगळे तुझ्या तोंडाकडे बघतील. तेव्हा खालच्या कारकुनावर ढकलू नकोस. नियम चुकला म्हण. चार शब्द नाहीत, दोनच आहेत.

ताई


६ मे

बाळ,

म्हणालास. दाराआडून ऐकलं आम्ही. कारकुनावर न ढकलता म्हणालास. निविदा रद्द, नियमात दुरुस्ती. मदत घाण करणाऱ्यांना मिळत राहणार आणि काम रेघेच्या आतल्या सगळ्यांना. भोंग्याने ही बातमी गल्लीत पोचवायला जी धाव घेतली, ती त्याच्या वजनाला शोभणारी नव्हती. आईने बाकावर बसूनच डोळे पुसले. मला म्हणाली, "शिकवलं तूच ना त्याला लहानपणी?" श्रेय कुठून कुठे न्यायचं, यात तिचा हात कोणी धरू शकणार नाही.

मला तुझा अभिमान वाटला. हे एकदाच लिहिते, पुन्हा मागू नकोस.

पण कालच्या तुझ्या चिठ्ठीने सगळ्यावर पाणी फिरलं. मसुदा पाठवलास, आणि सोबत खाजगीत दोन ओळी: रेघ कुठे मारायची हे अजून मोकळं आहे, तुझ्या पाण्याच्या अहवालावरच बेतून टाकतो, म्हणजे तुझं काम पक्कं, कोणी बोट ठेवणार नाही.

तुला वाटलं मी खूश होईन. तू मनापासून लिहिलंस, तेही कळलं. आईने डबाभर जांभळा ओतला तोही मनापासूनच होता.

माझ्या मापाचा नियम शिवू नकोस. माझं पाणी गल्लीत सगळ्यांत साफ आहे, याचा अर्थ ते पुरेसं साफ आहे असा होत नाही. परवा मुद्दाम ओढ्याच्या खालच्या अंगाला जाऊन आले. पोरांच्या अंगावर चट्टे कमी आहेत. आहेत मात्र. ते कोणाच्या रंगाचे हे त्यांच्या आयांना माहीत नाही, आणि मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही की माझ्या रंगाचे नव्हेत.

रेघ मारायची तर त्या पोरांकडे बघून मार. डॉक्टरांना विचार, ओढ्यावरच्या बायकांना विचार, मला विचारू नकोस. तिथून जी रेघ येईल तिच्या बाहेर माझं पाणी आज पडत असेल, तर यंदाच्या चादरी मी रंगवणार नाही. बॉयलर थंड राहील. बायकांना मी आजच हे सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या, मग नव्या हौदाला जागा कुठे काढायची यावर भांडायला लागल्या. आम्ही येऊ आत, पण पाणी साफ करून येऊ.

आणि तुझ्या बहिणीला आत घ्यायला म्हणून रेघ एक बोटभरही सरकवलीस, तर लक्षात ठेव, पुढच्या सुनावणीला पहिली उठणार ती मीच, आणि त्या वेळी नाव घेणार.

ताई